दस्तगीर मिस्त्रीचा नेम

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलाअलीकडं
टायरवाला आणि गादीवाला यांच्या मधोमध
साडेसहा फुटांचं दुकान.
आत लेथ, आणि लेथला टेकून दस्तगीर मिस्त्री.

भंगारवाला पोतं ओतायचा.
मिस्त्री उकिडवा बसून निवडायचा
बाई तुरीतले खडे निवडते तसा,
फक्त तो खडेच ठेवून घ्यायचा.

ह्या छर्राबंदुकीची नळी, जिचा दस्ता वाळवीनं खाल्ला.
त्या बंदुकीचा दस्ता, जिची नळी पोरांनी
बोरं पाडून पाडून वाकवली.
स्प्रिंग तिसरीची. घोडा चौथीचा,
आणि चौथीचा घोडा दुसरीच्या खाचेत बसेना
तेव्हा अर्धा दिवस कानस घासत
"बैठ बेटा, बैठ."

चामड्याचा वॉशर मात्र स्वतः कापायचा,
रात्रभर करडईच्या तेलात बुडवून ठेवायचा.
"हवा है ये. लोहे से रुकती नै."
मी तेव्हा अकरा वर्षांचा, छर्रे मोजायचो.

नळीवर एका कंपनीचं नाव, दट्ट्याच्या घरावर दुसरीचं.
गिऱ्हाईक विचारायचं, बंदूक नेमकी कोणाची?
"बाप चार हैं," मिस्त्री म्हणायचा, "माँ ये लेथ."

माळेगावची जत्रा, परभणीचा उरूस,
फुग्यांच्या पाटीसमोर जिथं तिथं त्याचीच जोडकामं.
पिराजी सुरनर तर दुसऱ्याला हात लावू देत नसे.
"दस्तगीरची बंदूक म्हंजी बरकत," म्हणायचा,
आणि मिस्त्री ते मला संध्याकाळी पुन्हा सांगायचा.

मग उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला.
दवाखान्यात जुनं भिंग काढलं, नवं बसवलं,
वीस मिनिटांत, कानस न लावता.
हिरवी पट्टी सुटली त्या दिवशी
तो कॅलेंडरवरच्या बारीक तिथ्या वाचत बसला.
नंतर खुंटीवरची बंदूक काढली,
सरळ म्हणजे कशी, ते दाखवायला टांगलेली.
डोळ्याला लावली.
खाली ठेवली.
पुन्हा लावली.

नळीच्या टोकावरची माशी डावीकडं होती.
केसभरच. पण दहा हातांवर केसाची दोन बोटं होतात.
किती वर्षांची धुई होती कोण जाणे.
त्या धुईत जोडलेली एकूणएक बंदूक डावीकडं,
आणि पिराजीची बरकत
फुग्याच्या उजव्या अंगाला, जिथं छर्रा कधी गेलाच नाही.

त्या रात्री तो जेवला की नाही, माहीत नाही.
सकाळी पाच पोती उलथून एक बंदूक जोडली.
माशी बसवायलाच दोन दिवस घेतले.
पिराजीनं ती जत्रेत नेली, तिसऱ्या दिवशी परत आणली.
"मिस्त्री, फुगेच राहिनात. बारकी पोरं बी फोडायलीत.
हिला पहिल्यावानी करा."

मिस्त्री लेथवरचा कीस फुंकत राहिला.
"वो आँख अब नै रही, पिराजी."

ती बंदूक माझ्याकडं आहे.
स्प्रिंग बदलली, दस्ता बदलला, घोडा दोनदा,
वॉशर तर दर उन्हाळ्यात.
त्याची म्हणावी अशी एक माशी तेवढी उरली,
तिच्या आजूबाजूनं तेल लावतो.

दुकानात कोणी आलं तर आधी विचारतो,
फुग्यांसाठी पाहिजे, की नेमासाठी?
दोन्ही जोडून देतो.
फुग्यांच्या बंदुकीला डावा डोळा मिटत नाही,
उजवा मिटतो.