बाही आणि कॉलर

पत्रिकेत दोनच गोष्टी ठळक होत्या:
मुहूर्त दुपारी बारा पस्तीस
आणि आहेर आणू नये.
अव्वा म्हणाली, तसं लिहायचंच असतं. पाकीट घे.
पाचशे एक.
नाणं शांभवीनं चिकटवलं, दोनदा पडलं,
तिसऱ्यांदा भाताच्या शितानं बसलं.

ह्यांच्याशी मी सकाळपासून बोलत नव्हते.
पाचव्या दिवशी, रात्री दोनला, नळ आला
आणि मोटर लावायला उठायचं कुणी
एवढ्यावरून टाकी अर्धी राहिली.

अशोक चौकाच्या पुढं रिक्षात
चौघं आम्ही आणि मध्ये अव्वाची पिशवी.
एप्रिलचं ऊन. रस्त्याकडेच्या दारांतून मागांचा खडखडाट,
तो बोलला, म्हणून आम्हाला बोलावं लागलं नाही.

मांडवात विजयालक्ष्मी.
एक्केचाळीस वर्षांची नवरी, असं मागच्या खुर्चीत कुणी
तेलुगूत म्हणालं. मला तेवढं तेलुगू येतं.
तीन भावांची लग्नं तिनं उभी राहून लावली,
ह्या वेळी बसायला पाट होता.

बारा वर्षं आम्ही एकाच टेबलावर.
शाळांचे गणवेश: ती बाही लावायची, मी कॉलर.
जूनच्या आधी दिवसाला दोनशे शर्ट,
कुठल्या गावची पोरं घालणार, कधी कळायचं नाही.
डब्यातली शेंगाचटणी मात्र तिची तिखट, माझी त्याहून.

अंतरपाट सरला. दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर
जिरं-गुळाचा गोळा दाबून धरला.
शांभवीनं विचारलं, केस चिकट होतील की?
अव्वा म्हणाली, होऊ देत. चिकटायलाच ठेवलंय.
हे हसले. मी हसू गिळलं
आणि अक्षता जरा जास्तच जोरात टाकल्या.

दुपारी घरी येऊन फरशीवर पडलो.
साडी तशीच खुर्चीवर. पंखा गरम.
पुन्हा सातला तेच चौघं, तीच रिक्षा नव्हे,
रिसेप्शनला.

रांग जिन्यापर्यंत. पुढं कुणाचे तरी साहेब,
मागं एसटी कॅन्टीनची सगळी माणसं,
श्रीहरीच्या बाजूची.
त्याची अकरा वर्षांची मुलगी स्टेजवर
नव्या आईची पर्स छातीशी धरून उभी,
कुणी मागितली तरी देईना.

विजू वाकली, माझ्या कानाशी:
"का बे, आत्ता यायलीस?
ब्लाउज बघ. बाही मीच लावलीय.
टेलरवर विश्वास नाय."
मी बघितली. एक चुणी इकडची तिकडं नाही.
डोळे भरले ते त्या शिलाईनं,
दुसरं काही म्हणू नका.

फोटोवाला ओरडला, भाऊ, वहिनींच्या जवळ सरका.
हे एक वीत सरकले.
अजून, भाऊ.
आणि माझा हात, मला न विचारता,
त्यांच्या मानेशी गेला:
कॉलर एका बाजूला दुमडली होती.
बारा वर्षांची सवय. बोटानं सरळ केली,
नेमका तेव्हाच लखकन उजेड.

आमच्या घरी चौघांचा एकत्र फोटो नाही.
एकच आहे आता, तो विजूच्या अल्बमात,
अव्वा पाकीट शोधताना,
शांभवी पर्सकडं बघताना,
आणि मी रागात असताना
कुणाची तरी कॉलर नीट करताना.

जेवणात बुंदी, पुलिहोरा, आणि वांग्याला तिखट कमी.
हे अव्वाच्या पानात दही वाढत होते,
मग, न बघता, माझ्या.

रात्री अकराला घरी. शांभवी खांद्यावर झोपलेली,
मुठीत ब्लाउजपीसचा कोपरा.
हे मोरीत गेले, तांब्याभर पाण्यात पाय धुऊन आले.
बादली भरलेलीच होती.
"तू घे," म्हणाले.
शर्ट काढताना कॉलरमधून
एक पिवळा तांदूळ फरशीवर पडला.
मी उचलला नाही. सकाळी झाडणारच होते.