हाकेच्या अंतरावर

दुकानातला पोरगा, छातीवर नाव कॅलम,
माझ्या दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधतो.
दिवसभर मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते,
आज कुणीतरी मला बांधतंय, तर हसू येतं.
जुळी भावंडं दिसायला.
डावं मुकं. उजवं बोलकं.
बोलक्याला फोन जवळ लागत नाही,
ते स्वतःच आकाशाशी बोलतं.
त्याचे शंभर पौंड जास्त,
शिवाय महिन्याला सात, चोवीस महिने,
शिवाय एप्रिलात थोडी वाढ,
हे शेवटचं तो खाली बघून, भरभर.

हेरंबनं हिशेब आधीच केलाय
वीजबिलाच्या पाकिटामागे:
दोनशे अडुसष्ट. खाली दोन रेघा.
आणि त्याखाली, त्याच्याच अक्षरात, ‘घे.’
हा माणूस चहाची पिशवी दोनदा बुडवतो.
स्किप्टनच्या सोमवारच्या बाजारात
कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतो.
मी म्हटलं, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
तो म्हणाला, कोंबडीनं मसाल्याची किंमत करू नये.

जानेवारीत मी कालव्याकाठी पडले.
एकशे चौऱ्याहत्तर नंबरच्या पुलाखाली,
शेवाळावर.
फोन घरी, फ्रिजवर, चार्जिंगला.
चार वाजताच अंधार, घोट्यात कळ,
पाण्यात एक बदक, तेही पाठ फिरवून.
‘अहो’ म्हणावं की ‘हेल्प’,
एवढं ठरवेपर्यंत पाच मिनिटं गेली.
मग मराठीतच ओरडले. कोण ऐकणार होतं?
चाळीस मिनिटांनी वळणावर बॅटरी दिसली.
त्याला कुणी फोन केला नव्हता.
त्याला माझा रस्ता पाठ होता, माझी वेळ पाठ होती,
आणि भात निवत होता.

मी कॅलमला नकाशा उघडायला लावते.
सगळा परगणा गुलाबी,
जिथे गुलाबी तिथे आवाज पोचतो.
बोटांनी मोठं कर, अजून, अजून,
हा कालवा, हा पूल,
आणि पुलावर नेमका एक पांढरा ठिपका,
तांदळाएवढा.
‘तिथे मिळणार नाही बहुतेक,’ तो प्रामाणिकपणे म्हणतो,
‘दोनशे पावलं पुढे मिळेल.’
म्हणजे पडायचं ते जरा पुढे जाऊन पडायचं.

खरं सांगायचं तर मला तो ठिपका आवडला.
तिथे वॉर्डवरून कुणी विचारत नाही,
इंदिरा, रविवारची पाळी घेशील का?
लेक कार्डिफहून कुकरच्या शिट्ट्या विचारत नाही.
नाडी एकशे बेचाळीस, श्वास, चिखल,
एवढाच मजकूर.
पण हेरंबचा गुडघा सप्टेंबरात बदलायचाय.
बॅटरी घेऊन तो आता
किती पुलांपर्यंत येईल?

कॅलमची जेवायची सुट्टी निघून चाललीय.
मी विचारते, बोलकं घेतलं
आणि ते सात पौंड आत्ता नाही सुरू केले तर?
चालतं, म्हणतो. कधीही सुरू करा.

घरी आल्याआल्या प्रश्न: बोलकं?
बोलकं.
खोटं नाही. तोंड आहे त्याला,
जीभ भाड्यानं घ्यायची राहिलीय, एवढंच.
ती सप्टेंबरात.

गुरुवारी संध्याकाळी पळून परतते,
तर घराअलीकडच्या पुलावर हा,
कठड्याला टेकून, गुडघा चोळत.
सहज निघालो होतो, म्हणतो.
मग जरा थांबून,
‘घड्याळावर फोन लावून पाहिला. लागला नाही.’

तिकडे नकाशात एक ठिपका आहे, मी म्हणते,
तिथे कुणाचंच लागत नाही.
आणि हात पसरून दाखवते केवढा,
तांदळापेक्षा
बराच मोठा.