इंचभर आखूड

करामत मियाँनी रजईवर मांडल्या दोन दुनळ्या.
नवीच्या नळ्यांत लष्करचं अख्खं आभाळ,
पण वजन साडेसात पौंड,
आणि माझा उजवा खांदा दोनदा निखळलेला.

जुनी उचलली.
तित्तर नुसता फडफडावा, तोवर ती गालाशी.
नळ्या उतरवून टांगल्या, टिचकी मारली,
स्वच्छ वाजल्या, झाळ कुठं सुटलेली नाही.
फक्त कुंदा इंचभर आखूड,
कापून वर पॉलिश.

“किसकी थी?”
मियाँ पानाला चुना लावत राहिले.
“बाई साहब की। अब नहीं जातीं।”

थंडीत जाड कोट घालीन,
तो इंच भरून निघेल, म्हणत
मी नोटा मोजल्या.

घरी वेणूनं न विचारता उचलली,
भिंतीवरच्या पालीवर रोखली.
बरोब्बर बसली.

पाल हलली नाही.
मीही.