गाडी लावतानाचं संगीत

स्तोयना व्हायोला वाजवते,
स्कोप्येत, वर्दारच्या अलीकडच्या काठावर,
नभोवाणीच्या एका जुन्या दालनात,
जिथे समुद्रापलीकडचे सिनेमे
आपलं रडणं उक्त्यावर द्यायला येतात.

पडदा असतो, पण वादकांच्या पाठीमागे.
सिनेमा दिसतो तो एकट्या संचालकाला.
यांच्या एका कानात टिकटिक, दुसऱ्या कानात शेजारी,
आणि भिंतीवरच्या टीव्हीत संगीतकार.
त्याच्या गावी पहाटेचे तीन, अंगात झोपायचा सदरा.
म्हणतो, छान झालं. आणखी एकदा.
थोडं कमी सुखी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.
आज मला एकटीला अकरा सेकंद दिले, म्हणाली.
कशावर?
कुणीतरी जातंय, म्हणाली, बहुतेक.

ऑक्टोबरात तो सिनेमा आला, माझ्याच थिएटरात.
मी तिथे प्रोजेक्टर चालवतो, म्हणजे हल्ली
एक बटण दाबतो आणि सूर्यफुलाच्या बिया सोलतो.

दोन तास आठ मिनिटं. एक पाणबुडी.
एक नायक, ज्याचा जबडा त्याच्यापेक्षा बरा अभिनय करतो.
एक बाई, तिला तीन वाक्यं, त्यातली दोन 'थांब!'
आणि या सगळ्याच्या खालून
माझ्या ओळखीची चाळीस माणसं,
ज्यांच्यातल्या एकाचा गुडघा दुखतो,
एकीचा नवरा परवाच सोडून गेला,
पुराच्या पाण्यासारखी पायरी पायरी वर येत होती.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात.
इथे नाकच नव्हतं.

मी अकरा सेकंदांची वाट पाहत राहिलो.
पाणबुडी फुटली, तेव्हा नाही.
भाऊ मेला, तेव्हाही नाही, तिथे नुसते ढोल.
एकोणऐंशीव्या मिनिटाला नायक एका मॉलसमोर
गाडी लावतो.
मागे घेतो. पुढे घेतो. पुन्हा मागे.
तिथे.
आणि त्यातही चौथ्या सेकंदापासून
रिव्हर्सचं पीं पीं.

दोन आठवडे, दिवसाला तीन खेळ.
बाकीचा सिनेमा मी बियांवर काढायचो,
एकोणऐंशीला उठून काचेला कान लावायचो.
एका गुरुवारी दुपारी हॉलमध्ये फक्त नाउम आजोबा,
ते हीटरसाठी येतात.
मी भिंगावरची झडप पाडली.
काळोख. व्हायोला.
आणि ते पीं पीं, ज्याच्यावर मी बेचाळीस वेळा चिडलो होतो,
लांब कुठेतरी शेतात बसलेल्या पाखरासारखं.

चित्र गेलं! आजोबा ओरडले.
झडप उघडली.
लागली का एकदाची, ते म्हणाले
आणि पुन्हा झोपले.

त्या संध्याकाळी बाल्कनीत
आम्ही लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होतो.
सगळी गल्लीच भाजत होती, सगळ्या गल्लीचे डोळे लाल.
स्तोयना सिनेमे बघत नाही. साल ओढता ओढता म्हणाली,
मग? कशावर होतं ते?

मी म्हणालो, बस उभी आहे.
मुलगा ऑस्ट्रेलियाला निघालाय.
आईने दोरीने बांधलेली पिशवी आणलीय,
पण खिडकी उंच आहे, हात पोचत नाही.
ड्रायव्हर घड्याळ बघतो.
मी बराच वेळ सांगत होतो. त्या बसला
मी रंगसुद्धा दिला.

पिशवी छान आहे, ती म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
अरे ब्लागोय, पानावर वरच लिहिलेलं होतं.
तुकडा एक्केचाळीस. पार्किंग.

मग तू इतकं...

अकरा सेकंद होते, ती म्हणाली.
जाणारं माणूस माझ्याकडे तयार होतं.

कोण, ते मी विचारलं नाही.
तिने पुढची मिरची माझ्याकडे सरकवली,
देठ माझ्या बाजूला करून.