बारा फूट

बोहुमिला चेक देशातून आली होती,
काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन तारा घेऊन.
पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही मोजणीदार,
भोगावतीकाठचा दगड न् दगड तुम्हाला पाठ,
हिला जरा जुनी ठाणी दाखवा.
मी निवृत्त. दुपारी करायला काही नाही.
छत्री घेतली, निघालो.

गाडीत ती सांगत होती,
तिच्या गावाबाहेर टेकडी आहे, वर हातभर चर्च,
चर्चखाली त्याहून जुना चौथरा,
चौथऱ्याखाली कुणाचं काय, कुणालाच माहीत नाही.
वर उभं राहिलं की तळव्यांना मुंग्या येतात.
पुतण्यानं मराठी केलं:
काही जागी जमीन जागी असते.
आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही,
तो गिअर बदलत होता.

छत्तीस वर्षं जमीन मोजली मी.
मला ती झोपलेलीच भेटली,
फाळणी नकाशात, चौकोनी घड्या घालून.

वीरगळ वाडीच्या तोंडाशी, उसाच्या कडेला.
खालच्या पट्टीत पडलेला माणूस आणि त्याच्या गाई,
मधल्या पट्टीत त्याला काखेत धरून नेणाऱ्या दोघी,
वर पिंड, चंद्र, सूर्य.
शेंदूर इतका की नाक कुणालाच उरलेलं नाही.
रंगू गुरव म्हणाला,
"पांडवांच्या वक्तापास्नं हितंच हाय,
तसूभर हाललेला न्हाई."
मी उसाकडे बघितलं.

तिनं तारा धरल्या. दगडापुढे काही नाही.
मागे काही नाही. उंबराखाली किंचित थरथर,
ती वाऱ्याचीही असेल.
मग ती डांबरी रस्त्यावर उतरली
आणि तारा एकमेकींवर आडव्या पडल्या,
बाजारात भेटलेल्या बहिणींसारख्या.

"तिथनं लिफ्टची पायपलाइन गेलीया," रंगू म्हणाला,
"त्र्याऐंशी सालची. बाईला पाणी घावलं म्हणायचं!"
सगळे हसले. तीही हसली.

चौऱ्याण्णव साल. कारखान्याचा रस्ता.
नकाशावरची लाल रेषा दगडातून जात होती.
साहेब म्हणाले, रेषा वळवली तर ऊस जातो लोकांचा.
दगड वळवा.
अमावस्या वगैरे नव्हती. साधा मंगळवार,
रात्रीचे साडेनऊ, क्रेन कारखान्याचीच.
टेप मी धरला,
बॅटरी गुरवाच्या धाकट्या पोरानं.
बारा फूट, पूर्वेला.
खाली निघालं ते एवढंच:
ओली माती, एक गोगलगाय, एक पणती.
पणती अजून घरी आहे. टाचण्या ठेवतो तीत.

सकाळी लोक आले. दगडाकडे बघितलं,
एकमेकांकडे बघितलं, नारळ फोडले.
कागद कुणी मागितला नाही.

तेवढ्यात तानूबाई आली, तांब्या घेऊन.
दगडाला पाणी घातलं, प्रदक्षिणेला लागली.
पण केवढी रुंद प्रदक्षिणा!
दगडामागून निघाली, उंबर ओलांडला,
सरळ रस्त्यावर उतरली,
डांबरावरच्या कशाला तरी उजवीकडे ठेवून
हळूच वळली, परत आली.
उसाची ट्रॉली थांबली. ड्रायव्हरनं शिवी दिली नाही,
तंबाखू मळत बसला.

एवढ्या लांबनं का, बोहुमिलानं विचारायला लावलं.
"सासूचा पाय असाच पडायचा.
मला काय ठावं, बाई."

रंगूनं तेव्हा माझ्याकडे बघितलं.
बॅटरी धरलेल्या पोराचे डोळे तसेच होते,
भोवतीचा चेहरा तेवढा म्हातारा झालेला.

बोहुमिलानं तारा फडक्यात गुंडाळल्या,
बूट काढले, डांबर तापलेलं होतं तरी,
आणि तानूबाईच्या मागं चालायला लागली.
मी छत्री टेकवून उभा.
सवयीनं त्यांची पावलं मोजत होतो.
अकराव्याला मागच्या ट्रॉलीचा हॉर्न वाजला,
चुकलो.
पुन्हा पहिल्यापासून.