पिवळ्याचा लाल

अंबडच्या शेवटच्या गल्लीत, भंगारवाल्याच्या मागे,
आमची भिंत सहा फूट जाड आहे.
आत काय आहे हे रिक्षावाल्याला विचाराल
तर म्हणेल, कसलं तरी कोल्ड स्टोरेज.
बरं.

रात्रपाळीला मी आणि खैरनारभाऊ.
खोकी येतात सातपूरहून, सिन्नरहून:
डोळ्यांच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूबा,
टाक्यांचा दोरा, हातमोजे, गोणीभर शंखजिरं.
प्रत्येकावर पिवळा ठिपका, मुगाएवढा.
कोणी खोकं उघडत नाही,
कोणी आतल्या वस्तूला बोट लावत नाही.
पिवळ्याचा लाल झाला की काम झालं.

कळ दाबली की कोबाल्ट
वीस फूट पाण्यातून वर येतो.
तिकडे गंगेवर माणसं शुद्ध व्हायला पाण्यात उतरतात,
आमच्याकडे मात्र पाण्याबाहेर यावं लागतं.
हा खैरनारभाऊंचा विनोद, अकरा वर्षांचा जुना.
नवं पोर आलं की पहिल्या चहाला सांगतात
आणि आधी स्वतःच हसतात.

त्याला बघायचं तर तो खाली असतानाच.
नीळ घातलेल्या बादलीत
कोणी दिवा विसरून गेल्यासारखा.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चप्पल काढली होती.
का, ते मलाही कळलं नाही.
परत घातली.

दर महिन्याला तो शेकडा एकने थकतो.
मी वहीतला आकडा बदलते,
खोक्यांना आत दोन मिनिटं जास्त थांबवते.
तीन तास वीसचे तीन तास बावीस.
थकलेल्याला वेळ वाढवून द्यायचा,
एवढंच गणित आहे, बाकी सगळं काँक्रीट.

मार्चमध्ये धाकट्या जावेला मुलगा झाला.
द्वारकेजवळचा दवाखाना, दुसरा मजला.
मी हात धुतले, कोपरापर्यंत, सवयीने,
आणि पुढे केले.
विहीणबाई मध्ये आल्या.
म्हणाल्या, तुमचं ते किरणांचं काम,
बाळ अजून कोवळं आहे.
लांबूनच बघा.

मी मागे सरले. अडीच हात.
मोजावं लागलं नाही.
काळारामाच्या दाराबाहेर पणजोबा उभे होते
तेव्हापासून ते अंतर आमच्या घरात
मापाशिवाय येतं.
विहीणबाईंच्याही घरात आलंच असणार,
त्यांचेही कोणीतरी तिथेच उभे असतील,
कदाचित शेजारीच.

सांगता आलं असतं.
की उन्हात वाळवलेली कुरडई
डब्यात भरल्यावर ऊन सांडत नाही.
की माझ्या छातीवरचा बिल्ला
दर तिमाहीला तपासून येतो
आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नसतं.
मी म्हणाले, नाक आमच्याकडचं आहे.
आणि बस पकडली.

परवा रात्री दोन वाजता फोन थरथरला.
जाऊ. बाळाचा डोळा चिकटतोय,
डॉक्टरांनी हे दिलंय, चांगलं असतं का हो?
खाली फोटो: तळहातावर ट्यूब,
तिच्या बांगड्या, मागे पाळण्याची दोरी.

मी फोटो मोठा केला, अजून मोठा केला.
बॅच नंबर मलमाचा होता, ट्यूबेचा नाही.
आमच्याकडून गेलेली असेल. नसेलही.
ट्यूबेवर ठिपका नसतो,
तो खोक्यावरच राहतो
आणि खोकं रद्दीत जातं.

भिंतीपलीकडे साखळी सरकत होती,
खैरनारभाऊ खुर्चीत मान टाकून झोपलेले,
घड्याळात अजून एक तास चाळीस.
माझ्या अंगठ्याखाली तिचा प्रश्न.

लिहिलं: चांगलं आहे.
मग थोडं थांबून:
आधी हात धुऊन घे.