उकार पायाशी

मडगावात, आकेच्या रस्त्याला
पत्र्याचा एक बोर्ड अजून आहे.
खालच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं.
काढायला शिडी कोण आणणार, म्हणून राहिला:
घड्याळे दुरुस्त करून मिळतील.

फोटो काढले, एकदा तिन्हीसांजेला,
एकदा भर बाराला, सावली नसताना.
व्यंजनं मोजली. बारा.
घड्याळजीला पुरेशी,
फॉन्टला अगदीच तोकडी.

ड पासून ढ निघतो, य ला वर गाठ मारली की थ,
म च्या डोक्याला पीळ दिला की भ.
पण झ कुणाच्या पोटातून काढू?
आणि अ तर या वाक्यात कुठेच नाही.

रात्री स्क्रीनवर वळणावळणाला बिंदू ठेवत बसले.
कायतान पेंटरची रेघ बिंदूंना जुमानेना.
त्यांच्या प्रत्येक कान्याला तळाशी बूट आहे,
जुन्या पोर्तुगीज पाट्यांवर अक्षरांना असायचा तसा.
आणि र.
सगळं जग र चा उकार कुशीत देतं.
यांनी तो खाली टांगला, पायाशी,
ऱ्हस्व, दीर्घ, दोन्ही.

एर्मेलिंदाबाईंनी चहा ठेवला, बोलिन्यांची बशी ठेवली.
म्हणाल्या, पाय देवनागरी वाचत नव्हता.
(पाय म्हणजे बाबा. मला क्षणभर लागला.)
शाळा पोर्तुगीज, तीही तिसरीपर्यंत.
एकसष्टनंतर गिऱ्हाइकं मराठी बोर्ड मागू लागली,
तेव्हा चिठ्ठी बघून चित्र काढायचा.
आधी शिरोरेघ: खडूत माखलेला दोरा, टप्पकन.
मग तिच्यावर एकेक अक्षर वाळत घालायचा.

शाबलो घड्याळजीच्या चिठ्ठीत उकार बाजूला होता.
पायला वाटलं, याचा हात घसरला.
दुरुस्तमधला र
पायनं दुरुस्त केला.

"मी सात वर्षांची, खाली शिडी धरून.
शाळेत रु नुकताच शिकवलेला.
वर बघितलं, कळलं.
पायनं विचारलं, कशें दिसता?
म्हटलं, सोबीत."

फॉन्टमध्ये आता दोन र आहेत,
एक शहाणा, एक पायचा.
काजूच्या डब्यावर पायचा आहे, एका लग्नपत्रिकेवरही.
लोक कळवतात: तुमचा रु बिघडलाय, बघा जरा.
बघते, म्हणते.

छापील नमुना घेऊन परत गेले.
एर्मेलिंदाबाईंचं बोट ओळींवरून हळूहळू चाललं,
झ वरून गेलं, भ वरून गेलं,
अ वर थांबलं.
"हें पायचें न्हय."

नाही, म्हटलं. हा माझा.

त्यांनी चष्मा काढला,
कागद हातभर लांब धरला,
शिडीखालून बघावं तशी मान वर केली.
"सोबीत," म्हणाल्या.